नवी हॉस्पिटल सिस्टिम येतेय? जुन्या डेटाचं आधी ठरवा

हॉस्पिटलचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की नव्याच्या डेमोला गर्दी होते. स्क्रीन कशी दिसते, बिल किती झटकन निघतं, मोबाइलवर चालतं का, यावर तासन् तास चर्चा होते. जुन्या डेटाचा विषय मात्र गो-लाइव्हची, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्याची, तारीख तोंडावर आली की निघतो, आणि तेव्हा दोनच उत्तरं ऐकू येतात: 'सगळं नव्यात टाका' किंवा 'जुना सर्व्हर चालू राहू द्या, लागेल तेव्हा बघू'. दोन्ही महागात पडतात. पहिल्या उत्तराने वर्षानुवर्षांच्या चुकीच्या नोंदी पहिल्याच दिवशी नव्या सिस्टिममध्ये शिरतात. दुसऱ्याने काही वर्षं निभावतं, मग सर्व्हर बसतो आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

अशा प्रकल्पात पहिल्यांदाच पडलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही आयटीतले असाल, मेडिकल रेकॉर्ड विभागातले असाल, किंवा डॉक्टर असून 'तुम्ही जरा लक्ष घाला' म्हणून समितीवर घेतलेले असाल. सगळ्या जुन्या डेटाला एकच नियम लावू नका, एवढं धरून चाला. प्रत्येक प्रकारच्या नोंदीबद्दल विचारा: ही पुढे कोण उघडणार, कधी, आणि कोणता निर्णय घेताना? नोंद कुठे जाणार हे त्या उत्तरावरून ठरतं.

पायरी १: जुन्या व्हेंडरचा करार वाचा

नव्या व्हेंडरशी, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीशी, बोलणी सुरू होण्याआधी जुन्या व्हेंडरचा करार बाहेर काढा. त्यात चार गोष्टी शोधा. डेटाची मालकी कोणाची? करार संपताना तो कोणत्या स्वरूपात परत मिळणार? त्याचे वेगळे पैसे पडणार का? आणि नोटीस दिल्यावर सिस्टिम किती दिवस चालू राहणार?

बऱ्याच जुन्या करारांत 'डेटा दिला जाईल' एवढंच असतं. नुसता डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या टेबलांची कच्ची प्रत, हातात आला तर शेकडो टेबलं मिळतात आणि कोणत्या रकान्यात काय आहे ते कळत नाही. त्यामुळे डंपसोबत डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक टेबल आणि फील्ड कशासाठी आहे त्याचा तक्ता, लेखी मागा. कोडची मास्टर टेबलं, म्हणजे कोणत्या कोडचा अर्थ काय याच्या याद्या, मागा. डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर किल्ल्या कोणाकडे आहेत ते विचारा. स्कॅन केलेले कागद डेटाबेसच्या बाहेर एखाद्या फोल्डरमध्ये असतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो, म्हणून ते फोल्डरही मागा. हे सगळं नोटीस देण्यापूर्वी झालं पाहिजे, कारण नोटीस गेल्यावर तुमचं काम त्यांच्या यादीत तळाला जातं.

पायरी २: डेटा कुठे कुठे आहे ते शोधा

मुख्य सिस्टिम सगळ्यांना माहीत असते. लॅब, रेडिओलॉजी, फार्मसी, ब्लड बँक आणि बिलिंग यांची सॉफ्टवेअरं वेगळी असतील तर तीही यादीत येतात. विसरली जातात ती छोटी ठिकाणं: ईसीजी मशिनची स्वतःची मेमरी, एंडोस्कोपीच्या खोलीतला पीसी, डायलिसिस युनिटमधली एक्सेल शीट, एखाद्या विभागाने वर्षानुवर्षं सांभाळलेलं रजिस्टर. नेटवर्कचा नकाशा बघून ही सापडत नाहीत. प्रत्येक विभागात जाऊन 'रुग्णाचं जुनं काही बघायचं असेल तर तुम्ही कुठे बघता?' असं विचारलं की नर्स किंवा टेक्निशियन नेमकं त्या ड्रॉवरकडे किंवा त्या पीसीकडे बोट दाखवतात.

यादीत प्रत्येक ठिकाणापुढे लिहा: कोणत्या वर्षापासूनचा डेटा आहे, साधारण किती आहे, जबाबदार माणूस कोण, बॅकअप होतो का. आणि यापूर्वी कधी सिस्टिम बदलली होती का, हे आवर्जून विचारा. आजच्या 'जुन्या' सिस्टिमच्या पोटात बहुधा तिच्याही आधीच्या सिस्टिममधून आलेला डेटा असतो, आणि सगळ्यात विचित्र नोंदी तिथेच निघतात.

पायरी ३: वापरणाऱ्यांकडून गरज समजून घ्या

'तुम्हाला किती वर्षांचा डेटा हवा?' असं डॉक्टरांना विचारू नका. उत्तर नेहमी 'सगळा' असंच येतं. त्याऐवजी विचारा, 'गेल्या वेळी जुनी नोंद उघडली तेव्हा काय शोधत होता?' मग खरी गरज समोर येते. ओपीडीत बहुतेकांना हवं असतं ते शेवटचं डिस्चार्ज कार्ड, मागचे काही रिपोर्ट, झालेल्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी आणि चालू औषधं.

पण काही नोंदी कितीही जुन्या झाल्या तरी जिवाशी संबंधित असतात, आणि 'शेवटची दोन-तीन वर्षं घ्या' असा सरसकट नियम लावला की नेमक्या त्याच मागे राहतात. ब्लड बँकेचं उदाहरण घ्या. एखाद्या रुग्णाच्या रक्तात पूर्वी कधीतरी तांबड्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी सापडलेली असते. काळ गेला की तिचं प्रमाण इतकं घटतं की आजच्या तपासणीत ती दिसतच नाही. क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळतं का याची चाचणी, जुळतं, रक्त दिलं जातं, आणि शरीर ती अँटिबॉडी झपाट्याने पुन्हा तयार करून काही दिवसांनी दिलेल्या पेशी फोडायला लागतं. हा धोका सांगणारी एकच गोष्ट असते: जुनी नोंद. ती नव्या सिस्टिममध्ये, रक्त देण्याच्या स्क्रीनवर दिसलीच पाहिजे. आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींच्या वेगळ्या साठ्यात, सुरक्षित आहे म्हणून भागत नाही, कारण रात्री दोन वाजता तिथे कोणी शोधायला जात नाही.

कॅन्सरच्या औषधांचंही तसंच. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरचा दुष्परिणाम आयुष्यभरात मिळून किती औषध गेलं यावर अवलंबून असतो. ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर ही एकूण मर्यादा डॉक्टर साधारणपणे पाळतात. लहानपणी घेतलेला डोस वीस वर्षांनीही मोजावा लागतो. रेडिएशनचा डोस, शरीरात बसवलेल्या पेसमेकरचा किंवा कृत्रिम सांध्याचा मॉडेल आणि सिरियल नंबर, भूल देताना आलेली अडचण, लसीकरण ही सगळी याच वर्गातली माहिती. प्रत्येक विशेष शाखेला एकच प्रश्न विचारा: 'कोणती जुनी नोंद दिसली नाही तर रुग्णाला इजा होईल?' ही यादी डॉक्टरांच्या सहीने पक्की करून घ्या.

डॉक्टरांखेरीज अकाउंट्स, कायदा सल्लागार, संशोधन आणि गुणवत्ता विभाग यांच्याशीही बोला. कोर्टात चालू असलेल्या किंवा येऊ घातलेल्या प्रकरणांतल्या नोंदींना हात लावायचा नसतो. त्यांची वेगळी यादी करा.

पायरी ४: प्रत्येक प्रकारासाठी वाट निवडा

वाटा चारच आहेत. नव्या सिस्टिममध्ये नेणं, आर्काइव्हमध्ये ठेवणं, जुन्या सिस्टिममध्ये ठरावीक मुदतीपर्यंत फक्त वाचण्यापुरतं राहू देणं, आणि मुदत संपलेलं नियमाप्रमाणे नष्ट करणं.

नव्यात कमीत कमी न्या, पण जे न्याल ते स्वच्छ न्या, असं माझं ठाम मत आहे. ओळख, ॲलर्जी, महत्त्वाचे आजार आणि शस्त्रक्रिया, पायरी ३ मधली जिवाशी संबंधित यादी, मोजक्या वर्षांचे लॅब रिपोर्ट, पुढच्या अपॉइंटमेंट. बाकीचं आर्काइव्हमध्ये. चालू औषधांबाबत मी आणखी कडक आहे. जुन्या यादीतल्या अर्ध्याअधिक गोळ्या केव्हाच बंद झालेल्या असू शकतात, तेव्हा ती यादी आपोआप 'चालू' म्हणून नेऊ नका. ती संदर्भ म्हणून दाखवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरने किंवा फार्मासिस्टने रुग्णासमोर बसून एकेक औषध पक्कं करावं.

नोंदी किती वर्षं जपायच्या हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. लहान मुलांच्या नोंदींची मुदत अनेक ठिकाणी ती सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते, त्यामुळे जन्माच्या वेळच्या नोंदी दोन-तीन दशकं लागू शकतात. मुदतीचा तक्ता कायदा सल्लागाराकडून लेखी घ्या, नाहीतर नष्ट करण्याच्या वाटेवर कोणीच सही करणार नाही.

पायरी ५: रुग्णांची ओळख जुळवा

बाकी काही नीट करायला वेळ मिळाला नाही तरी हे नीट करा. एकाच माणसाची दोन-तीन वेळा नोंदणी झालेली असते: एकदा लग्नाआधीचं आडनाव, एकदा नवं, एकदा पूर्ण जन्मतारीख, एकदा नुसतं वय. बेशुद्ध अवस्थेत आलेल्याचा 'अज्ञात पुरुष' म्हणून काढलेला नंबर तसाच राहून जातो. ही डुप्लिकेट नव्या सिस्टिममध्ये नेण्याआधी जुन्या सिस्टिममध्येच साफ करा. जुन्यात काम करणाऱ्यांना माणसं ओळखीची असतात, कागदाची फाइल हाताशी असते. नव्यात गेल्यावर हा आधार राहत नाही.

मात्र घाईने मर्ज करू नका. एका माणसाच्या दोन फाइली राहिल्या तर माहिती अपुरी पडते, पण दोन वेगळ्या माणसांची एक फाइल झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि ते नंतर सोडवणं फार जिकिरीचं असतं. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून कॉम्प्युटरवर सोडू नका. जुळी भावंडं, बापलेकांची सारखी नावं, १ जानेवारी ही न सांगितलेल्या जन्मतारखेऐवजी भरलेली तारीख, असे प्रसंग माणसाने डोळ्यांनी बघायचे असतात.

जुना नोंदणी क्रमांक टाकून देऊ नका. नव्या सिस्टिममध्ये तो 'पूर्वीचा क्रमांक' म्हणून शोधता आला पाहिजे. रुग्णाच्या हातातल्या जुन्या कार्डावर, काचेच्या स्लाइडवर, एक्स-रेच्या पाकिटावर तोच असतो.

पायरी ६: डेटा उघडून वाचा

व्हेंडर सांगतात, 'आमच्याकडे लिंग या फील्डला पुरुष, स्त्री आणि इतर एवढेच पर्याय आहेत.' टेबल उघडून कोणकोणती मूल्यं प्रत्यक्षात भरली आहेत ते मोजा. १, २, ९, रिकामं, एक स्पेस, आणि आधीच्या सिस्टिममधून आलेलं काहीतरी तिसरंच निघतं. प्रत्येक महत्त्वाच्या फील्डसाठी हे करा: किती रिकामी, किती वेगळी मूल्यं, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कोणती.

तारखांकडे बारकाईने बघा. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल? वर्ष दोनच अंकी असेल तर '२४ साली जन्मलेला माणूस बाळ आहे की शंभरीचा? १९०० सालच्या पहिल्या तारखेला शेकडो रुग्ण जन्मलेले दिसले तर ती सिस्टिमने आपोआप भरलेली तारीख समजा. फाइल तपासायला एक्सेलमध्ये उघडताना सांभाळा. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं ते गुपचूप काढून टाकतं आणि '३-४' सारख्या रिझल्टची तारीख करून ठेवतं. अशी फाइल सेव्ह करून पुढे पाठवली की नुकसान कायमचं.

नावं नीट वाचता येतात का तेही बघा. युनिकोड रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं त्या फॉन्टशिवाय निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. त्यांचं रूपांतर वेगळ्या टूलने करून मग तपासावं लागतं.

लॅबच्या नोंदीत एकक पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच सुमारे ५.६ मिलिमोल प्रति लिटर. दोन लॅब दोन एककं वापरत असतील आणि दोन्ही आकडे एकाच आलेखावर आले तर रुग्णाची साखर रातोरात कोसळल्यासारखी दिसेल. क्रिएटिनिनच्या दोन एककांमधला फरक तर ८८ पटींहून जास्त आहे. नॉर्मल रेंजही त्या त्या वेळच्या मशिनची आणि पद्धतीची असते, म्हणून जुन्या रिपोर्टबरोबर जुनीच रेंज न्या, आजची लावू नका.

आणि शेरा सोडू नका. जुन्या टेबलात पोटॅशियम ६.८ असा आकडा एका रकान्यात असतो आणि 'नमुना हिमोलाइझ्ड, पुन्हा पाठवा' हा शेरा दुसऱ्या टेबलात. तांबड्या पेशी फुटलेल्या नमुन्यात पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. शेरा मागे राहिला आणि आकडा पुढे गेला, तर नव्या सिस्टिममध्ये त्या माणसाच्या नावावर एक भयानक रिझल्ट कायमचा चिकटतो. सुधारित रिपोर्टचं तसंच: आधीचा चुकीचा आणि नंतरचा दुरुस्त, दोन्ही डेटाबेसमध्ये असतात आणि एका छोट्या फ्लॅगवरून, म्हणजे नोंदीवरच्या खुणेवरून, कोणता खरा ते कळतं. रद्द केलेल्या नोंदी तर बहुतेक सिस्टिममध्ये पुसल्याच जात नाहीत, फक्त लपवल्या जातात. एक्स्पोर्ट करणाऱ्याला तो फ्लॅग माहीत नसेल तर त्या पुन्हा जिवंत होऊन येतात.

पायरी ७: कोडचं मॅपिंग

जुन्या सिस्टिममधले स्थानिक कोड नव्यात कशाला जुळतात ते ठरवणं म्हणजे मॅपिंग. लॅबच्या चाचण्यांसाठी १९९४ मध्ये सुरू झालेली लॉइंक ही कोडपद्धत आहे, आजारांसाठी आयसीडी, आणि एकूण वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी. आयसीडी-११ ची अंमलबजावणी १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली असली तरी जुन्या नोंदी आयसीडी-१० किंवा त्याही आधीच्या आवृत्तीत असतात. आवृत्ती बदलताना एका कोडचे अनेक किंवा अनेकांचा एक होतो, म्हणून मूळ कोड आणि मूळ शब्द दोन्ही शेजारी जपून ठेवा.

कोड जुळत नसेल तर ओढूनताणून जवळच्यात बसवू नका. 'सल्फा?' असं कोणीतरी ॲलर्जीच्या मोकळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. त्याला पक्क्या ॲलर्जीचा कोड दिला तर रुग्ण उपयोगी औषधाला मुकतो, आणि गाळलं तर खरी ॲलर्जी निसटते. तो मजकूर जसाच्या तसा, 'खात्री करायची आहे' या खुणेसह पुढे न्या. मॅपिंगच्या प्रत्येक तक्त्यावर त्या विभागातल्या जाणत्या माणसाची सही घ्या. आयटीवाल्याने एकट्याने हे ठरवू नये.

पायरी ८: इमेजेसचं वेगळं नियोजन

एक्स-रे, सीटी, एमआरआय पॅक्समध्ये, म्हणजे इमेजेस साठवून दाखवणाऱ्या सिस्टिममध्ये, असतात आणि १९९३ पासून डायकॉम या नावाने ओळखलं जाणारं मानक बहुतेक सगळे पाळतात, त्यामुळे हे सोपं वाटतं. पण आकार प्रचंड असतो. चालू कामाचा वेग न मंदावता इतका डेटा हलवायला महिने लागू शकतात, म्हणून मुख्य प्रकल्पाच्या बऱ्याच आधी सुरुवात करा. आणखी एक: जुन्या पॅक्समध्ये रुग्णाचं नाव दुरुस्त केलं तर अनेकदा ते डेटाबेसमध्येच बदलतं, इमेजच्या फाइलमधल्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, जुनंच राहतं. थेट फाइली उचलल्या की जुन्या चुका परत येतात. रेडिओलॉजिस्टने इमेजवर केलेल्या खुणा आणि मापं नव्या पॅक्समध्ये दिसतात का, तेही काही केसेस घेऊन पाहा.

पायरी ९: आर्काइव्ह निवडा

चांगलं आर्काइव्ह जुन्या व्हेंडरच्या सॉफ्टवेअरशिवाय चालतं. कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जपण्यासाठी २००५ मध्ये आयएसओ मानक झालेलं स्वरूप बरं. मात्र लॅबचे आकडे नुसते पीडीएफमध्ये कोंडले तर पुढे आलेख काढता येत नाही, म्हणून आकडे टेबलच्या रूपातही ठेवा.

डॉक्टरला ते नव्या सिस्टिमच्या त्याच रुग्णाच्या स्क्रीनवरून एका क्लिकवर उघडलं पाहिजे. वेगळं लॉगइन आणि पुन्हा नाव टाकून शोध असेल तर कोणी वापरणार नाही, आणि शोधताना चुकीचा रुग्ण उघडायचा धोका वेगळाच. कोणी काय पाहिलं याची नोंद आर्काइव्हमध्येही झाली पाहिजे. जुन्या सिस्टिमचा ऑडिट लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय लिहिलं आणि बदललं याची नोंद, आर्काइव्हमध्ये घ्यायला विसरू नका. वाद झाला तर पहिल्यांदा तोच मागतात.

पायरी १०: रंगीत तालीम

निदान तीनदा पूर्ण मायग्रेशन, म्हणजे जुन्यातून नव्यात डेटा हलवणं, करून पाहा, दरवेळी ताज्या प्रतीवर. पहिली तपासणी आकड्यांची: जुन्यात किती रुग्ण, नव्यात किती, फरक का? 'काही रेकॉर्ड रिजेक्ट झाले' हे उत्तर चालवून घेऊ नका, प्रत्येक रिजेक्टचं कारण हवं.

दुसरी तपासणी डॉक्टर आणि नर्स यांची, दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून. नमुने नुसते चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलले तर बहुतेक साधेच रुग्ण येतात आणि सगळं ठीक दिसतं. मुद्दाम अवघड रुग्ण निवडा: मर्ज झालेले, जुळे, नाव बदललेले, अवयव प्रत्यारोपणाचे, दुरुस्त रिपोर्ट असलेले, मृत. हा शेवटचा प्रकार महत्त्वाचा आहे. मृत्यूची खूण नव्या सिस्टिममध्ये आली नाही तर घरच्यांना तपासणीची आठवण करून देणारा मेसेज जातो.

तालमीत खऱ्या रुग्णांचा डेटा असतो, म्हणून टेस्ट सर्व्हरवरून मेसेज आणि ईमेल जाणं बंद ठेवा आणि प्रवेश मोजक्यांनाच द्या.

पायरी ११: बदलाचा दिवस

त्या दिवशी वॉर्डात भरती असलेले रुग्ण अर्धे इकडे, अर्धे तिकडे असतात. नमुना घेतलाय पण रिपोर्ट आलेला नाही, बायोप्सी पाठवलीय, औषधाचा रात्रीचा डोस बाकी आहे, बिल अर्धवट आहे. अशा अधांतरी गोष्टींची यादी आदल्या दिवशी विभागवार छापून घ्या. भरती रुग्णांच्या ऑर्डर आपोआप नेण्यापेक्षा दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि एकाने भरून, हाताने टाकलेल्या बऱ्या. ज्या दिवशी वॉर्ड सगळ्यात मोकळे असतात तो दिवस निवडा. प्रलंबित रिपोर्ट कुठे येणार आणि कोण बघणार, हे प्रत्येक डॉक्टरला नावानिशी माहीत हवं.

पायरी १२: जुनं बंद करणं

जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती चालू असेल तर ती बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा. न ठरवल्यास सुरक्षा अपडेट न मिळणारा एक सर्व्हर नेटवर्कवर वर्षानुवर्षं पडून राहतो आणि हल्लेखोरांना तोच दरवाजा सापडतो. तोपर्यंत तिथे कोण, कशासाठी लॉगइन करतंय ते दर महिन्याला बघा. लोक वारंवार एकाच प्रकारच्या नोंदीसाठी परत जात असतील तर ती नोंद नव्यात किंवा आर्काइव्हमध्ये नीट आलेली नाही. आधी ते दुरुस्त करा.

बंद करण्यापूर्वी आर्काइव्हचा बॅकअप प्रत्यक्ष परत उभा करून पाहा. मग डिस्क, बॅकअपच्या टेप, टेस्ट सर्व्हरवरच्या प्रती, आणि मायग्रेशनच्या काळात कोणाच्या लॅपटॉपवर राहिलेल्या फाइली, सगळं शोधून योग्य रीतीने पुसा आणि त्याचं प्रमाणपत्र घ्या. आर्काइव्ह कोणत्या विभागाच्या ताब्यात, वार्षिक खर्च कोणाच्या बजेटमध्ये, मुदत संपलेल्या नोंदी दरवर्षी कोण काढणार, हे एका पानावर लिहा. मॅपिंगचे तक्ते आणि डेटा डिक्शनरीही त्याच आर्काइव्हमध्ये ठेवा, कारण पुढची सिस्टिम बदलेल तेव्हा तिथल्या टीमला तेच सगळ्यात आधी लागतील.